पडक्या भिंतीचा टेकू

रोमचं कोलोसियम मी एकदा बांधलं आहे. मनीषनगरच्या एका मोकळ्या मैदानात, बल्ल्या, बांबू, काथ्या आणि कापड वापरून, गणपतीच्या दहा दिवसांपुरतं. त्याच्या पडक्या टोकाचा एक टेकू मी स्वतःच्या हातानं काढला, आणि त्याच्या जागी काहीच बांधलेलं नाही हे चार दिवस माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तीस फुटांची भिंत कुणाच्या तरी अंगावर येईल ही एक भीती. आणि ज्या माणसानं मला नागपुरात थारा दिला तो यापुढे मला दारात उभं करणार नाही, ही दुसरी. दुसरी भीती मोठी होती, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

तो माणूस म्हणजे काका. नात्यातले नव्हेत. मंडप आणि सजावटीची कामं घेतात, पाचपावलीत घर आहे. घराणं विणकरांचं, माग बंद पडला तेव्हा वडिलांनी बांबू-बल्ल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मला वाटतं ते विणणं काकांच्या बोटांत राहिलं आहे. काथ्या भिजवून, तीनदा आवळून, शेपूट आत दडवून ते गाठ मारतात आणि मग काठीनं तिच्यावर टकटक करून कान लावतात. ढिली गाठ वेगळी वाजते म्हणतात. मला इतक्या वर्षांनी आता थोडंसं ऐकू येतं.

मी मूळचा जत तालुक्यातल्या एका खेड्यातला. आठवी अर्धवट सोडून सांगलीतल्या एका मंडपवाल्याच्या हाताखाली लागलो. सात-आठ वर्षं त्याच्याबरोबर गावोगाव हिंडलो. मग एका मोठ्या लग्नाच्या कामाला तो आम्हाला नागपूरला घेऊन आला. काम संपलं, गाडी भरली आणि मी तापानं फणफणलो. टायफॉइड निघाला. आमचे लोक थांबू शकत नव्हते, ते गेले. ज्यांच्याकडून बांबू भाड्यानं घेतले होते ते काका बांबू न्यायला आले, तर बांबूंच्या शेजारी मी पडलेलो. त्यांनी टेम्पोत आधी मला घातलं, मग बांबू. काकूंनी तीन आठवडे मला पेज पाजली. बरा झालो आणि परत गेलोच नाही. तेव्हापासून मी त्यांच्या गोदामावरच्या खोलीत राहतो आणि त्यांच्या घरी जेवतो. आई अजून फोनवर आधी तेच विचारते, "जेवलास का रं?" मी जेवलो म्हणतो, आणि ते नेहमी खरं असतं.

आमच्याकडे एक रीत आहे. मंडप उभा झाला, की ज्यांनी तो बांधला त्यांनी आधी त्याच्याखाली बसून जेवायचं. मग देव येणार, मग लोक. काकांच्या वडिलांनी ही रीत पाडली. आम्ही तिला पहिली पंगत म्हणतो. आणि काका पंगतीत कुठंही बसत नाहीत. ज्या जागेची त्यांना सगळ्यात जास्त शंका असेल, नेमके तिच्याखाली बसतात. माझ्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे, म्हणून आधी सांगितलं.

कोलोसियम बांधलं त्या वर्षी, गणपतीला दीड महिना होता तेव्हा, मनीषनगरच्या मंडळाचा एक कार्यकर्ता गोदामात आला. लग्नाचे फोटो काढायचा त्याचा धंदा, त्यामुळे मंडळात सजावटीच्या बाबतीत शब्द त्याचाच. त्यानं मोबाइलवर कोलोसियमचे चार फोटो दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाजवळ धरला.

"हे त अर्धं पडेल हाय."

"पडेलच पायजे, काका. दोन हजार वर्षं जुनं हाय. रोमचं."

"मंग आपण नवं बांधून देतो ना. पुरं."

"पुरं बांधलं त वळखन कोण? लोक म्हणतीन क्रिकेटचं स्टेडियम हाय."

काका हसले नाहीत. देवाच्या पुढ्यात भंगलेली वस्तू ठेवायची नाही, मूर्तीच्या बोटाचा टवका उडाला तरी आपण ती घरात आणत नाही, आणि इथं तर अख्खं भंगलेलं घर देवाला राहायला द्यायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. फोटोग्राफर आर्जवं करत होता. चहा घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं आणि कपबशा ठेवता ठेवता वाद मिटवला.

"देव आत बसते ना? मंग आतून पुरं करा. बाहेरून पडू द्या. देव काही बाहेर येऊन पाहून नाही राहिला."

तसं ठरलं. आत अखंड गोल मंडप. बाहेर कमानींची तीन मजली भिंत, एका बाजूला तीस फूट उंच, आणि पुढे पायऱ्यापायऱ्यांनी तुटत गेलेली.

आखणीच्या दिवशी पहिली अडचण आली. ते बांधकाम गोल नाही, लांबोळकं आहे. आमच्यात सगळ्यांना एक खुंटी रोवून दोरीनं गोल काढता येतो. लांबोळकं कसं काढायचं ते कुणालाच कळेना. फोटोग्राफर कागदावर अंडं काढून दाखवत होता. मी दोन खुंट्या मागितल्या. दोरीचा सैल वेढा दोन्ही खुंट्यांभोवती टाकला, तो एका काठीनं ताणून धरला आणि फिरत गेलो. मागून एक पोर चुन्याची फक्की सोडत होतं, तिची रेघ जमिनीवर उमटत गेली आणि जिथून निघालो होतो तिथं बरोबर येऊन मिळाली.

हे मला सातवीच्या गुरुजींनी शिकवलं होतं, शाळेपुढच्या फुलझाडांचा वाफा आखताना. शाळेतून माझ्याबरोबर आलेली ती एवढीच गोष्ट. काकांनी त्या रेघेवरून एक अख्खा फेरा मारला.

"कुठून शिकला गा हे?"

"शाळेत."

"मंग शाळा काहून सोडली, बावा?" सगळे हसले, मीही हसलो. काका म्हणाले, "हे काम तुझं. मी फक्त गाठी पाहीन."

बारा वर्षांत पहिल्यांदा एक अख्खं काम माझ्या हातात आलं. त्या दिवसापासून पोरं मला इंजिनिअर म्हणायला लागली. थट्टाच होती, पण मला ती आवडत होती, आणि पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

स्थापनेला पाच दिवस होते. काका बुटीबोरीला एका कारखान्याचा मंडप बघायला गेले होते. भिंत उभी होती. उंच भिंत जिथं एकदम संपते त्या टोकाला काकांनी स्वतः एक जाड तिरपा बांबू बांधला होता, जमिनीपासून वीस फुटांपर्यंत. फोटोग्राफर आला, डोळ्याला कॅमेरा लावून मागे-पुढे झाला.

"भाऊ, तो बांबू काढ ना. मधातच येऊन राहिला. पडेल असल्याचा फील येत नाही."

"टेकू आहे तो."

"मंग आतून दे काहीतरी. इंजिनिअर तू हायेस का मी?"

मी विचार केला नाही असं नाही. केला. भिंत गोलाईत वळलेली आहे, वळलेली भिंत स्वतःला धरून राहते. आतून दोन आडवे बांबू मागच्या मंडपाला बांधले की झालं. काकांच्या गाठी सोडायला मला अर्धा तास लागला, नखं दुखली. बांबू खाली उतरवला तेव्हा भिंतीतून एक बारीक आवाज आला, खुर्चीवरून कुणी उठल्यावर येतो तसा. फोटोग्राफरनं अंगठा वर केला.

मग पाऊस आला की नुसतं भरून आलं, आठवत नाही, पण आम्ही सगळे ताडपत्रीकडे धावलो. ते आवरून मी परत आलो तोवर कापडवाल्यांनी आतली बाजू ताणून शिवून टाकली होती. आडवे बांबू बांधायचे तर ते कापड फाडायला हवं होतं, आणि फाडलं तर काका विचारणार. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कापडावर रंग चढला. आडवे राहून गेले ते राहूनच गेले. काका बुटीबोरीहून आले. रंगवलेल्या टोकाकडे लांबून बघून म्हणाले, "टेकू आत घेतला वाटते." मी मान हलवली. हो म्हणालो नाही, पण मान हलवली.

त्याच संध्याकाळी काकांची नात दिवाणखान्यात अभ्यासाला बसली होती. नववीत होती. मला झोप लागणार नाही असं दिसत होतं, म्हणून मी उगाच तिच्यापाशी बसून ते चार फोटो पुन्हा बघत होतो. खऱ्या कोलोसियमच्या त्याच टोकाला, जिथं उंच भिंत तुटते, विटांची एक तिरपी भिंत आहे. महिनाभर ती मी बघत होतो. कुणीतरी नंतर केलेलं बेढब काम वाटत होतं. रंगाऱ्यांना मीच सांगितलं होतं, की एवढं सोडून बाकी काढा. तिला विचारलं, हे काय आहे बघ गं.

तिनं मोबाइलमध्ये बरंच शोधलं आणि वाचून दाखवलं. "दादा, भूकंपात एक बाजू पडली. जे उरलं होतं, तेही सरकून राहिलं होतं. म्हणून या टोकाले विटांचा आधार बांधला."

"रोमन लोकांनी?"

"नाही ना. खूप नंतरच्या लोकांनी. आता दोनशेक वर्षं झाली असतील." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "म्हणजे टेकूच."

"हो. टेकूच."

एवढ्या मोठ्या राजांनी दगडात बांधलेल्या भिंतीलासुद्धा ती तुटल्यावर कुणीतरी येऊन टेकू दिला होता. आणि मी बांबूच्या भिंतीचा, नेमका त्याच जागेचा, असलेला टेकू काढला होता. फोटोत छान दिसावं म्हणून.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात जायचो, वरच्या कमानीतून ओळंबा सोडायचो. पहिल्या सकाळी दोरी भिंतीच्या पायापासून एक बोट लांब होती. दुसऱ्या सकाळी दीड. तिसऱ्या सकाळी दोन बोटं. कामट्यांवर ताणलेलं कापड वारा आला की पोटासारखं फुगायचं. शेजारच्या इमारतींमधल्या बायका मुलांना कडेवर घेऊन बघायला यायच्या, पोरं त्या टोकाखाली लपाछपी खेळायची. मी त्यांना उगाच ओरडून हाकलायचो. एक बाई दुसरीला म्हणाली, "काहून वं, यानं काय ताजमहाल बांधला का?"

रोज ठरवायचो, आज सांगू. दुपारी पाचपावलीला जेवायला जायचो तेव्हा शब्द तोंडात तयार असायचे. पण काकू पोळी वाढायच्या, "काहून गा, जेवून नाही राहिला?" म्हणायच्या, आणि ते शब्द पोळीबरोबर खाली जायचे. परक्या माणसाला चूक सांगणं सोपं असतं. तो फार तर काढून टाकतो. ज्यानं तुम्हाला बांबूंच्या आधी टेम्पोत घातलं त्याला कसं सांगायचं? परत गेलो तर गावात काय सांगू, हेही मनात यायचंच. खोटं कशाला बोलू.

टेकू काढल्याला चार दिवस झाले, त्या दिवशी पहिली पंगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चितारओळीतून मूर्ती निघणार होती. भर दुपारची वेळ. काकू रिक्षातून डबे घेऊन आल्या: पोळ्या, वांग्याची भाजी, भात, वरणाची बादली. आम्ही तेराजण. कमानींच्या भिंतीला पाठ करून, तिच्या आतल्या अंगाला पट्ट्या टाकून बसायचं होतं. काका काठी घेऊन एकेक गाठ वाजवत फिरले. कापड लागल्यामुळं टोकाकडच्या गाठी त्यांना दिसत नव्हत्या. तिथं ते जरा थांबले. कापडावरून काठी फिरवली. आणि मग तिथंच, त्या टोकाखाली, मांडी घालून बसले.

वरणाची बादली माझ्या हातात होती. मी वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आलो. वारा आला. वरचं कापड फुगलं आणि तो बारीक आवाज पुन्हा आला, खुर्चीवरून कुणी उठल्याचा. काकांनी घास मोडला होता.

"बस ना गा आता. उभा काहून?"

"काका, तिथं नका बसू."

"का बरं?"

"तिथला टेकू मी काढला आहे. आत काहीच बांधलेलं नाही."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "इंजिनिअर साहेब मजाक करून राहिले." आणि हसलं. काकांनी घास ताटात परत ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, "उठा सगळे. ताटं घ्या अन् मैदानात चला. धावायचं नाही. कापडाले हात लावायचा नाही."

बाराजण भरली ताटं आणि मी वरणाची बादली घेऊन हळूहळू बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. काकांनी माझ्याकडून ओळंबा मागून घेतला, सोडला, बोटं लावून मोजलं. अडीच.

"किती दिवस झाले?"

"चार."

"चार दिवस तू माह्या घरी जेवला," काका म्हणाले. एवढंच. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज ती विसरलो असतो.

मग काम. पोरांनी दोन दोर वरच्या कमानीला लावून भिंत मागे ओढून धरली. आम्ही कापड फाडलं. तोच जाड बांबू परत उभा केला आणि काका खाली उभे राहून म्हणाले, "तू बांध." काथ्या भिजवला, वर चढलो. पहिली गाठ मलाच खोटी वाटली, ती सोडून पुन्हा मारली. आतून दोन आडवेही बांधले. खालून काकांची काठी, कामटी जोडून लांब केलेली, वर आली, टकटक. मी कान देऊन ऐकत होतो आणि मला काहीच कळत नव्हतं.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. "अरे, हे काय? सारा लूकच गेला न!"

मी खाली उतरलो, माझा मोबाइल काढला आणि फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला. "खऱ्याला पण आहे. याच जागी."

त्यानं डोळे बारीक केले. "अबे, हो न." मग जरा वेळानं, "मंग विटांचा कलर मारा त्याच्यावर."

काकांनी तो फोटो मागितला. पहिल्या दिवशी धरला होता तसाच नाकाजवळ धरून खूप वेळ बघितला. "ज्यानं कोणी बांधलं हे, त्याले भेव वाटलं असन," ते म्हणाले, आणि मोबाइल परत दिला.

जेवणं थंड झाली होती. सगळे माझ्याकडे आणि काकांकडे बघत उभे. काकांनी त्या टोकाकडे बोट केलं.

"आता तू बस. एकटा."

मी ताट घेऊन आत गेलो आणि ते बसले होते तिथं बसलो. पाठीमागे ती भिंत. बाहेर ओळीनं उभे बाराजण. भात घट्ट झाला होता. मी वर बघत नव्हतो. तेव्हा बाहेरून पावलं ऐकू आली.

"तू कुठं चालली वं? बाहेर थांब," काकांचा आवाज.

"अन् वाढन कोण त्याले? तुम्ही?" काकू म्हणाल्या. त्या आत आल्या, माझ्या समोर बसल्या आणि भातावर वरण घातलं. पदराखाली लपवून आणल्यासारखा मिरचीचा ठेचा ताटाच्या कडेला लावला. "जेव," म्हणाल्या. त्या भिंतीखाली त्यांनी का बसावं? मी म्हणालो, काकू तुम्ही जा. त्या म्हणाल्या, "गाठ तू बांधली ना? मंग?"

वारा दोनदा आला. कापड फुगलं, बसलं. तो आवाज आला नाही. माझं ताट रिकामं झालं तेव्हा काका आत आले आणि माझ्या शेजारी बसले. मग बाकीचे. नंतर कुणीतरी पोळी मागितली आणि पंगत सुरू झाली.

दहा दिवस मी मैदानातच होतो. रोज ओळंबा सोडत होतो. दोरी हलली नाही, पण मला तिच्यावर विश्वास बसत नव्हता. गर्दी वाढली की मी त्या टोकाला पाठ लावून उभा राहायचो, जणू काही माझ्या पाठीनं ती भिंत थांबणार होती. विसर्जनानंतर उतरवायला लागलो तेव्हा माझी ती गाठ काही केल्या सुटेना. काका काथ्या कधी कापू देत नाहीत, पुन्हा वापरतात. ती मात्र म्हणाले, काप.

पुढच्या वर्षी काकांनी काम दुसऱ्याच्या हातात दिलं. मी बांबू वाहिले. त्याच्या पुढच्या वर्षी एका देवळाच्या मंडपाची आखणी मला सांगितली, आणि मग हळूहळू बाकीचीही. पण एक गोष्ट तेव्हापासून बदलली आहे. पहिल्या पंगतीला काका आजही सगळ्यात शंकेच्या जागी बसतात. मात्र आता बसण्याआधी, हातात ताट घेऊन, माझ्याकडे वळतात.

"बसू का गा?"

प्रत्येक वेळी मला एकदा वर बघावं लागतं, सगळ्या गाठी मनात मोजाव्या लागतात. तेवढा वेळ ते उभे राहतात. मग मी म्हणतो, "बसा."